वेगाचें मोल कोणीं भरावयाचें?

सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडन येथें आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची जी बैठक भरली, तिच्यांत एका महत्त्वाच्या प्रश्नाचा निकाल लागावयाचा होता. ठरीव मर्यादेपलीकडे धूर सोडणाऱ्या व्यापारी जहाजांवर आकार बसवावा, व त्या उत्पन्नांतून स्वच्छ इंधनाच्या जहाजांस व गरीब राष्ट्रांस साहाय्य करावें, अशी ती योजना होती. त्याच वर्षाच्या एप्रिलांत तिला बहुमतानें अनुकूलता मिळाली होती, व अनुकूल मत देणाऱ्यांत भारतही होता. परंतु ऑक्टोबरांत निर्णयच एक वर्ष पुढें ढकलण्यांत आला. याच्या सुमारें दोन वर्षें आधीं, १९ नोव्हेंबर १९२३ रोजीं नव्हे, तर अगदीं आपल्या डोळ्यांदेखत १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं, तांबड्या समुद्रांत ‘गॅलेक्सी लीडर’ हें जहाज येमेनच्या हूथी बंडखोरांनीं पकडलें. आणि त्यानंतर शेंकडों जहाजांनीं सुवेझचा कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालण्याचा शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचा मार्ग पुन्हां धरला. इकडे २०२३ सालीं ‘पिक्सिस ओशन’ नांवाच्या मालवाहू जहाजानें साडेसदतीस मीटर उंचीचे दोन ताठ पंख उभारून वाऱ्याच्या साहाय्यानें प्रवास केला, व २०२४ सालीं ‘अनेमोस’ हें फ्रेंच शिडाचें जहाज माल घेऊन अटलांटिक ओलांडून गेलें. जुना मार्ग, जुना वारा आणि जुनाच वाद, असा हा योग आहे.

अशा वेळीं वर्तमानपत्रांतून व व्याख्यानांतून क्लिपर जहाजांचें स्मरण निघावें हें साहजिक आहे. पांढऱ्या शिडांचे डोंगर उभारून लाटा कापीत जाणाऱ्या त्या तारवांचें चित्र पाहून कोणाचें मन प्रसन्न होणार नाहीं? तथापि इतिहास हा चित्रांतल्या चौकटींत मावत नसतो. हीं जहाजें कां निर्माण झालीं, त्यांच्या पोटांत काय भरलें होतें, त्यांच्या डोलकाठ्यांवर कोण चढत होतें आणि तीं कशामुळें नाहींशीं झालीं, हे चार प्रश्न विचारल्यावांचून त्यांची थोरवी गाणें म्हणजे केवळ भाटगिरी होय. आज जगाच्या व्यापारी नौकानयनास पुन्हां एकदां नवें वळण लागण्याचा समय आला असतां या प्रश्नांचीं उत्तरें केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय राहिलेलीं नाहींत, असें आमचें मत असल्यामुळें आम्ही तो इतिहास येथें थोडक्यांत देतों.

क्लिपर या शब्दाचा मूळ रोख वेगाकडे आहे. जुन्या काळचीं यूरोपीय व्यापारी जहाजें पुढें बोजड व मागें निमुळतीं असत. माल अधिक मावावा व प्रवास सुखरूप व्हावा एवढाच त्यांचा हेतु. अमेरिकेंतील चेसापीक उपसागराच्या कांठीं मात्र एका निराळ्या धर्तीचीं, हलकीं, अरुंद व चपळ गलबतें बांधलीं जात होतीं. १८१२ च्या इंग्रज-अमेरिकन युद्धांत शत्रूचीं व्यापारी जहाजें लुटण्याच्या कामीं त्यांचा लौकिक झाला. पुढें १८४५ सालीं जॉन ग्रिफिथ्स या तरुण कारागिरानें न्यूयॉर्क येथें ‘रेनबो’ हें जहाज आंखलें. त्याची नाळ सुरीसारखी तीक्ष्ण व किंचित् आंत वळलेली होती आणि सर्वांत अधिक रुंदीचा भाग नेहमींपेक्षां मागें सरकविलेला होता. लाटेच्या डोक्यावर चढून आदळण्याऐवजीं लाट चिरीत जावें, हें या रचनेचें तत्त्व. जहाज बुडेल असें भाकित करणारे पुष्कळ होते. जहाज बुडालें नाहीं, भाकितें बुडालीं. त्याच कारागिराच्या ‘सी विच’ नें १८४९ सालीं हाँगकाँगहून न्यूयॉर्क ७४ दिवसांत गांठलें, आणि शिडाच्या कोणत्याही नौकेस तो विक्रम दीडशेंहून अधिक वर्षें मोडतां आला नाहीं.

१८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें आणि वेगास एकाएकीं भाव आला. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोस जावयाचें तर दक्षिण अमेरिकेचें केप हॉर्न ओलांडून पृथ्वीच्या अर्ध्या प्रदक्षिणेइतका प्रवास करावा लागे, व साधारण जहाजास सहा महिने लागत. खाणींवरील माणसांस पीठ, फावडीं, बूट व कापड हवें होतें, आणि त्यांच्याजवळ सोन्याचा चुरा होता. या व्यापारासाठीं डोनाल्ड मके यानें बॉस्टन येथें बांधलेल्या ‘फ्लाइंग क्लाउड’ नें १८५१ सालीं हा प्रवास ८९ दिवस व २१ तासांत पुरा केला, व १८५४ सालीं त्यांतूनही कांहीं तास कमी केले. हा उच्चांक १९८९ पर्यंत टिकला.

या विक्रमांतील एक गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. या जहाजाचा मार्ग आंखणारी व्यक्ति कप्तान जोसाया क्रीसी नसून त्याची पत्नी एलेनर क्रीसी ही होती. सूर्य व तारे पाहून स्थान काढणें, वारा व प्रवाह यांचा अंदाज बांधणें हें सर्व गणित ती करी, व तिच्या आंकड्यांवर भरंवसा ठेवून कप्तान आपलें जहाज हांकी. तिच्यापाशीं मॅथ्यू मॉरी या अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्यानें तयार केलेले वारे व प्रवाह यांचे नकाशे होते. मॉरीनें हजारों जहाजांच्या जुन्या नोंदवह्या एकत्र करून, कोणत्या महिन्यांत कोणत्या समुद्रांत कोणता वारा वाहतो हें ताडून पाहिलें होतें. म्हणजे क्लिपरच्या वेगाचें श्रेय केवळ लांकूड व शिडें यांना नव्हतें. अनेकांच्या अनुभवाचा सांठा व एका बुद्धिमान स्त्रीचें गणित यांचाही त्यांत वांटा होता. २०२१ सालीं जगांतील खलाशी वर्गांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा दोनही नव्हतें, हें वाचलें म्हणजे एलेनर क्रीसीनंतर पावणेदोनशें वर्षांत आपण किती मजल मारली याचा हिशेब प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.

१८४९ सालीं इंग्लंडनें आपले जुने नौकानयनाचे कायदे रद्द केले. तोंपर्यंत चीनचा चहा लंडनला आणण्याचा हक्क व्यवहारतः इंग्रज जहाजांचाच होता. कायदे उठतांच १८५० च्या डिसेंबरांत ‘ओरिएंटल’ हें अमेरिकन क्लिपर हाँगकाँगहून ९७ दिवसांत लंडनच्या गोदींत येऊन दाखल झालें. त्याला इंग्रज जहाजांहून पुष्कळ अधिक भाडें मिळालें होतें. लंडनचे जहाजमालक हवालदिल झाले, आणि सरकारी कारागिरांनीं त्या परक्या जहाजाची बांधणी मोजून घेतली. संरक्षणाच्या उबेंत निजलेला धंदा स्पर्धेचा पहिला गारठा लागतांच कसा ओरडतो याचा हा नमुना होता. परंतु त्याच गारठ्यानें स्कॉटलंडांतील ॲबर्डीन व क्लाइड नदीच्या कांठचे कारखाने खडबडून जागे झाले, आणि पुढील पंधरा वर्षांत चहाच्या व्यापारांत इंग्रज क्लिपरांनीं अमेरिकनांस मागें टाकलें. १८५७ ची व्यापारी मंदी व पुढें १८६१ तें १८६५ चें यादवी युद्ध यांनीं अमेरिकन जहाजांचें उरलेंसुरलें बळ मोडलें.

१८६६ ची चहाची शर्यत प्रसिद्ध आहे. मेच्या अखेरीस फूचाऊ बंदरांतून मोसमाचा पहिला चहा भरून जीं जहाजें निघालीं, त्यांपैकीं ‘टेपिंग’, ‘एरियल’ व ‘सेरिका’ हीं तिन्ही सुमारें ९९ दिवसांनीं, ६ सप्टेंबर रोजीं, एकाच भरतीवर लंडनला लागलीं. टेपिंग एरियलच्या अवघीं २८ मिनिटें आधीं गोदींत शिरलें. प्रथम येणाऱ्यास टनामागें दहा शिलिंगांचें जें बक्षीस होतें तें पहिल्या दोघांत वांटण्यांत आलें. पैजा लावणाऱ्यांनीं व वर्तमानपत्रांनीं आनंदोत्सव केला. पण ‘अर्ल किंग’ नांवाचें एक वाफेचें जहाज तोच चहा त्याच बंदरांतून, त्यांच्यानंतर निघून त्यांच्या सुमारें पंधरवडाभर आधीं, लंडनला पोंचवून मोकळें झालें होतें. सारें नगर ज्या शर्यतीकडे डोळे लावून बसलें होतें, ती शर्यत खरें पाहतां आधींच कोणी तिसऱ्यानेंच जिंकली होती. आणि त्या तीन वीर जहाजांचें पुढें काय झालें? १८७१ व १८७२ या दोन वर्षांत तिन्ही नाहींशीं झालीं. टेपिंग व सेरिका खडकांवर फुटलीं, आणि एरियल लंडनहून सिडनीस निघालें तें पुन्हां कोणाच्या दृष्टीसच पडलें नाहीं.

आतां पोटांतील मालाकडे वळूं. फूचाऊ बंदर परकीयांस खुलें कसें झालें? १८४२ च्या नानकिंगच्या तहानें. तो तह कशामुळें झाला? अफूच्या युद्धामुळें. अफू कोठून गेली? आमच्या देशांतून. चहा घेण्यास इंग्रजांजवळ चीनला हवा असा माल पुरेसा नव्हता, व चांदी देणें त्यांच्या जिवावर येई. म्हणून बंगाल, बिहार व माळवा येथील अफू चीनच्या किनाऱ्यावर चोरून उतरवून त्या पैशांतून चहा खरेदी करावा, अशी ही सांखळी होती. ईशान्येचा मोसमी वारा सुरू झाला म्हणजे तोंडावर वारा घेऊन चीनकडे जाणें जुन्या जहाजांस जमत नसे, त्यामुळें वर्षाकांठीं एकच खेप होई. १८२९ सालीं हुगळीच्या कांठीं ‘रेड रोव्हर’ हें जहाज पाण्यांत लोटलें गेलें. त्याची बांधणी युद्धकाळांतील चपळ अमेरिकन नौकांच्या धर्तीची होती. त्यानें १८३० मध्यें उलट्या वाऱ्यांत चीनची फेरी करून दाखविली, आणि वर्षाच्या एका खेपेच्या तीन खेपा झाल्या. ज्या १८२९ सालीं कलकत्त्यास सतीबंदीचा कायदा झाला, त्याच सालीं त्याच नगरीच्या नदींत अफूचें हें पहिलें क्लिपर तरंगूं लागलें. एका हातानें चिता विझविणें व दुसऱ्या हातानें परक्या घरांत आग लावणें, असा हा योगायोग आहे.

मुंबईसही या प्रकरणीं हात झाडून मोकळें होतां यावयाचें नाहीं. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून जाई, आणि तिच्यावरील परवान्याच्या उत्पन्नानें सरकारी तिजोरी भरे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या थोर दात्यांच्या संपत्तींत या व्यापाराचा भाग होता, ही गोष्ट इतिहासांत नमूद आहे. त्यांचें रुग्णालय व त्यांच्या शाळा यांविषयीं कृतज्ञ राहूनही ती नाकारतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवालिस’ युद्धनौकेवर २९ ऑगस्ट १८४२ रोजीं सह्या होऊन पुरा झाला, ती नौका १८१३ सालीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं सागवानाची बांधलेली होती. आमच्या कारागिरीचा अभिमान आम्हांस आहे व असावा. परंतु आमचें सागवान कोणाच्या मानेवरील जूं होण्यास उपयोगी पडलें हेंही त्याच दमांत सांगण्याचें धैर्य आमच्यांत असलें पाहिजे. दादाभाई नौरोजींनीं अफूच्या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला, तो अशाच धैर्यानें.

अफूहूनही भयंकर असा माल या जहाजांनीं वाहिला आहे. गुलामांची आयात अमेरिकेनें १८०८ पासून बंद केली. कायदा झाला, पण पहारेकऱ्यांच्या हातून निसटूं शकणाऱ्या जहाजांची मागणी वाढली, आणि चेसापीकचीं चपळ गलबतें त्या कामीं लागलीं. ‘नाइटिंगेल’ हें १८५१ चें देखणें क्लिपर एका सुप्रसिद्ध गायिकेच्या गौरवार्थ नांव ठेवून बांधलें होतें. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकन युद्धनौकेनें तें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडलें, तेव्हां त्याच्या पोटांत ९६१ माणसें कोंबलेलीं होतीं. १८५५ सालीं ‘वेव्हर्ली’ जहाजावर पेरूकडे नेले जाणारे चिनी मजूर गडबड करूं लागले म्हणून त्यांना तळाशीं ढकलून वरचीं दारें बंद केलीं गेलीं. मनिला बंदरांत दारें उघडलीं तेव्हां अडीचशेंच्या वर मजूर गुदमरून मेलेले आढळले. चिनी मजुरांच्या या वाहतुकीस अमेरिकेनें १८६२ सालीं आपल्या जहाजांपुरता मज्जाव केला.

राहिले ते डोलकाठीवर चढणारे हात. क्लिपरचा वेग हा मुख्यतः वादळांतही शिडें न उतरविण्याच्या हट्टावर अवलंबून असे, आणि तो हट्ट कप्तानाचा असला तरी बर्फानें घट्ट झालेल्या परबाणावर रात्रीं चढून त्याची किंमत खलाशी देई. १८५१ सालीं ‘चॅलेंज’ जहाज सॅन फ्रान्सिस्कोस पोंचलें तेव्हां वाटेंत इतके खलाशी मृत्युमुखीं पडले होते कीं, शहरांतील खवळलेला जमाव कप्तान वॉटरमन यास शोधीत सुटला. आज ग्रिनिच येथें लाखों लोक जें ‘कटी सार्क’ पाहून धन्य होतात, त्यावरही १८८० सालीं दुय्यम अधिकाऱ्यानें एका खलाशाच्या डोक्यांत लांकडी दांडा घालून त्याचा जीव घेतला, कप्तानानें त्याला पळून जाण्यास मदत केली, आणि पुढें त्याच कप्तानानें समुद्रांत उडी घेऊन आत्महत्या केली. हिंदी लास्करांची स्थिति तर याहूनही हीन होती. कित्येक पिढ्या त्यांना गोऱ्या खलाशाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी वेतन मिळे, आणि १८४९ पर्यंत नौकानयनाच्या कायद्यांच्या दृष्टीनें ते ब्रिटिश खलाशी म्हणून गणलेच जात नसत.

हीं जहाजें कशानें गेलीं? त्यांच्या पापानें गेलीं असें म्हणण्यास बरें वाटेल, पण तें खरें नाहीं. १८६६ सालीं आल्फ्रेड होल्ट यानें ‘ॲगमेम्नॉन’ या आगबोटींत दुहेरी दाबाचें नवें एंजिन बसविलें. त्यामुळें कोळसा इतका कमी लागूं लागला कीं, लिव्हरपूलहून मॉरिशसपर्यंत वाटेंत कोळसा न भरतां जातां येऊं लागलें. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुवेझचा कालवा खुला झाला, आणि मुंबई व लंडन यांमधील अंतर सुमारें साडेचार हजार सागरी मैलांनीं घटलें. कालवा ओढून नेल्यावांचून शिडाच्या जहाजास पार करतां येत नसे, व तांबड्या समुद्रांतील वारे त्यास प्रतिकूल होते. म्हणजे ती वाट जणूं आगबोटींसाठींच खणली गेली. त्यानंतर अवघ्या पांच दिवसांनीं, २२ नोव्हेंबर रोजीं, स्कॉटलंडांत डंबार्टन येथें कटी सार्क पाण्यांत लोटलें गेलें. जन्मतःच त्याचा धंदा संपला होता. १८७१ पर्यंत चीनला तारायंत्र जोडलें गेलें, त्यामुळें पहिल्या खेपेच्या नफ्याचें महत्त्वही घटलें. चहा गेला, लोंकर आली. १८८५ सालीं कटी सार्कनें सिडनीहून लंडनपर्यंतचा प्रवास ७३ दिवसांत केला, पण १८९५ सालीं तें पोर्तुगीजांस विकावें लागलें. आणि त्या नव्या कालव्याच्या खोदाईंतही १८६४ पर्यंत इजिप्तचे शेतकरी वेठीस धरले गेले होते, हें विसरतां कामा नये. साधन बदललें, पण भार वाहणारी पाठ बदलली नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, असे दोष काढीत बसलें तर जगांतील कोणतीच प्रगति निर्दोष ठरणार नाहीं. वेगानें अंतर तुटलें, माल स्वस्त झाला, देशोदेशींचीं माणसें एकमेकांस ओळखूं लागलीं, हें कांहींच नाहीं काय? या आक्षेपांत तथ्य आहे. आम्ही वेगाचे वैरी नव्हों. ग्रिफिथ्सची नाळ, मॉरीचे नकाशे व एलेनर क्रीसीचें गणित हें मानवी बुद्धीचें खरें धन आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हें धन व तो अन्याय यांची गांठ अपरिहार्य नव्हती. चांगल्या नकाशानें मार्ग आंखल्यास जहाज वेगानें जाई. त्यासाठीं खलाशास मारहाण करण्याची गरज नव्हती. गरज होती ती मालकाच्या अधिक नफ्याची, आणि ती रोखणारा कायदा वेळेवर झाला नाहीं, हें त्या अन्यायाचें कारण.

कायद्याच्या या दिरंगाईचें उदाहरण घ्या. इंग्लंडांत जुनाट, अतिभाराचीं जहाजें विम्याच्या भरंवशावर समुद्रांत लोटलीं जात, व खलाशी बुडत. सॅम्युएल प्लिमसॉल यानें १८७३ सालीं पुस्तक लिहून हा प्रकार चव्हाट्यावर आणला. १८७५ सालीं कायद्याचा मसुदा बाजूस सारला गेला तेव्हां तो पार्लमेंटांत संतापानें ओरडला. १८७६ सालीं जहाजाच्या अंगावर भाराची रेघ ओढण्याचा कायदा झाला. पण ती रेघ कोठें ओढावी हें मालकानें ठरवावयाचें होतें! ती योग्य जागीं ओढण्याची सक्ति १८९० सालीं झाली, आणि सर्व राष्ट्रांचा त्यासंबंधीं करार होण्यास १९३० साल उजाडलें. एका रेघेस इतकीं वर्षें लागलीं. या अवधींत जे बुडाले त्यांच्यासाठीं ‘प्रश्न पुढें ढकलला’ या शब्दांचा अर्थ काय होता, तो वाचकांनींच ताडावा.

आतां आजच्या स्थितीकडे पाहूं. जगांतील व्यापारी मालाचा सुमारें शेंकडा ८० भाग समुद्रावरून जातो, आणि पृथ्वीचें तापमान वाढविणाऱ्या वायूंत जहाजांचा वांटा शेंकडा सुमारें तीन आहे. २०२३ सालीं सर्व राष्ट्रांनीं २०५० च्या सुमारास हा वांटा निव्वळ शून्यावर आणण्याचा संकल्प केला. या बाबतींत भौतिक शास्त्र स्पष्ट आहे. जहाजाचा वेग वाढविला कीं त्यास लागणारी शक्ति स्थूलमानानें वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. उलट वेग एक-पंचमांशानें कमी केला तर त्याच प्रवासास सुमारें एक-तृतीयांश इंधन कमी लागतें. २००८ च्या मंदीनंतर मालकांनीं स्वतःच्या फायद्यासाठीं हें करून पाहिलें, आणि आजचीं प्रचंड जहाजें पुष्कळदां कटी सार्कच्या उच्चतम वेगाहून, म्हणजे ताशीं साडेसतरा सागरी मैलांहून, कमी वेगानें चालतात. परंतु लाभासाठीं पाळलेला संयम लाभ संपतांच सुटतो. २०२३ नंतर केपच्या वळशामुळें आशिया व यूरोप यांमधील खेपेस दहा-बारा दिवस अधिक लागूं लागले, तेव्हां गेलेला वेळ भरून काढण्यासाठीं एंजिनें पुन्हां जोरानें फिरूं लागलीं. म्हणून संयमास कायद्याचा आधार हवा.

आणि या नव्या काळांतही समुद्राची किंमत कोण भरतो? ६ मार्च २०२४ रोजीं एडनच्या आखातांत ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी ठार झाले. उरलेल्यांस आपल्या ‘कोलकाता’ युद्धनौकेनें वांचविलें. मेलेले फिलिपाइन्स व व्हिएतनामचे गरीब नोकर होते. जहाजाचा मालक, मालाचा धनी व विमा उतरविणारा हे तिघेही सुरक्षित होते. २०२० च्या महामारींत बंदरांनीं दारें लावून घेतलीं तेव्हां करार संपूनही सुमारें चार लाख खलाशी जहाजांवर अडकून पडले होते, आणि त्यांनीं आणलेलें धान्य व औषधें मात्र सर्वांनीं उतरवून घेतलीं. वेव्हर्लीचें बंद दार व हें बंद दार यांत पुष्कळ अंतर आहे, हें आम्ही जाणतों. पण माल आंत व माणूस बाहेर हा न्याय मात्र एकच.

गरीब राष्ट्रांवर भाड्याचा बोजा पडेल, हा या योजनेवरील मुख्य आक्षेप आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. धान्य व तेल बाहेरून आणणाऱ्या देशास भाड्यांतील थोडीही वाढ जाचते. पण त्यावर उपाय, जमणाऱ्या पैशांतील योग्य वांटा त्या देशांस बांधून देणें हा आहे. नियमच न करणें हा नव्हे. कारण तापलेल्या समुद्राचीं वादळें व चढणारें पाणी हेंही एक भाडेंच आहे, आणि तें आमच्या कोंकणच्या मच्छीमारापासून पॅसिफिकच्या बेटवाल्यापर्यंत गरिबांकडूनच वसूल होत आहे. त्याची पावती मिळत नाहीं एवढाच फरक.

भारताचें कर्तव्य यांत विशेष आहे. जगांतील सुमारें एकोणीस लाख खलाशांत, २०२१ च्या गणनेप्रमाणें, आपल्या देशाचा क्रम पहिल्या पांचांत लागतो. रत्नागिरी व कुलाबा येथील डेकवरचे खलाशी, गोव्याचे बटलर व स्वयंपाकी यांनीं आगबोटींचा संसार पिढ्यान् पिढ्या चालविला आहे. १९५८ च्या कायद्याच्या जागीं व्यापारी नौकानयनाचा नवा कायदा आपल्या संसदेनें २०२५ सालीं संमत केला. कायदा नवा झाला ही गोष्ट चांगली. पण फसव्या दलालांकडून नोकरीसाठीं होणारी लूट, पगार थकवून बंदरांत सोडून दिलेलीं जहाजें, आणि विश्रांतीच्या तासांच्या खोट्या नोंदी यांवर तो कसा अंमलांत येतो यावरच त्याची परीक्षा होईल. आमच्या मतें आपल्या प्रतिनिधींनीं लंडनच्या बैठकींत तीन गोष्टींचा आग्रह धरावा. धुराच्या आकाराचा निर्णय आणखी लांबणीवर पडूं नये. त्या निधींतून गरीब राष्ट्रांचा वांटा लेखी निश्चित व्हावा. आणि नवीं इंधनें व नवे पंख हाताळण्याचें शिक्षण, धोक्याच्या सागरांत जाण्यास नकार देण्याचा हक्क व पुरेसे मनुष्यबळ हीं खलाशांस त्याच ठरावानें मिळावीं. अमोनियासारखें विषारी इंधन जहाजावर येणार असेल, तर त्याची पहिली गळती कोणाच्या श्वासांत जाईल हें निराळें सांगावयास नको. आणि स्त्रियांस या धंद्याचें दार उघडें करावयाचें तर एलेनर क्रीसीची तसबीर लावून तें होणार नाहीं. सुरक्षित खोली, निर्भय तक्रार व बरोबरीचें वेतन हीं लागतील.

वारा फुकट आहे, असें क्लिपरच्या काळीं म्हणत आणि आतांही म्हणूं लागले आहेत. वारा फुकट असेल. वाऱ्यावर चालणारा व्यापार कधींच फुकट नव्हता. त्याचें मोल चीनच्या अफूबाजानें भरलें, आफ्रिकेच्या बंदिवानानें भरलें, परबाणावरून पडलेल्या अनामिक खलाशानें भरलें; आणि ज्यांच्या कपांत तो चहा ओतला गेला त्यांना तो हिशेब कधींच दाखविला गेला नाहीं. नव्या शिडांचें युग खरोखर येणार असेल तर आम्ही त्याचें स्वागत करूं. मात्र या खेपेस भाराची रेघ जहाज पाण्यांत लोटण्यापूर्वीं ओढली जावी, आणि ती मालकाच्या हातानें ओढली जाऊं नये, एवढी खबरदारी राष्ट्रांनीं घेतली पाहिजे. पुढें ढकललेल्या वर्षाचा तेवढा तरी सदुपयोग व्हावा.